दुपारबंदीतला गाणारा फौजी

जून लागला की कंपनीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच निरोप येतो. उद्यापासून अकरा ते चार उघड्यावरचं काम बंद, पहाटे पाचला हजर राहा, साडेतीनला बस परत साइटवर न्यायला येईल. नवी मंडळी खूश होतात. चला, दुपारची झोप! एक आठवडा जाऊ दे, मग आपोआप कळतं की बाहेर पन्नास डिग्री असताना चार तास खोलीत पडून राहणं हेही कामच आहे. फरक इतकाच, की त्या वेळी हातात हत्यार नसतं.

आता आमच्या खोलीत जो तो कानात ती पांढरी बोंडं घालून पडतो. एकाचं क्रिकेट, एकाची मालिका, एकाची बायको. शेजारी झोपलेला माणूस हसला तर तो कशाला हसला हे विचारायचीही सोय राहिलेली नाही. तक्रार करत नाही मी, माझ्याही कानात बोंडं असतातच. पण जूनचा तो निरोप आला की मला इथल्याच, कुवेतमधल्या मंगफची ती तिसऱ्या मजल्यावरची खोली आठवते, आणि तोंड उघडं टाकून थांबलेला तो फौजी.

पाच वर्षं झाली त्याला. आम्ही सहाजण दोन खोल्यांत राहत होतो. त्यातल्या एकाच खोलीचा एसी चालू होता. दुसऱ्या खोलीच्या एसीबद्दल इमारतीच्या राखणदाराला, म्हणजे हारिसला विचारलं की तो हात हलवून म्हणायचा, “बुक्रा.” बुक्रा म्हणजे उद्या. त्या उन्हाळ्यात ते उद्या काही उजाडलं नाही. मग सहाही गाद्या एकाच खोलीत टाकल्या. साइट होती अर्दियाला, एका गोदामाची. पावणेबारापर्यंत बस आम्हाला मंगफला आणून टाकायची. अंघोळीला पाणी सोडावं तर टाकीतलं पाणीच उकळलेलं. म्हणून पहाटे बादल्या भरून ठेवायच्या आणि दुपारी त्या ‘गार’ पाण्याने अंग ओलं करायचं. मग जेवण: रात्रीचं बांगड्याचं तिखलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या खबूस रोट्या. तांदळाच्या भाकरीचं नाव काढायचं नाही असा खोलीत नियमच होता, कारण नाव काढलं की दत्ता प्लास्टरवाला अर्धा तास आईच्या हातच्या भाकरीवर बोलायचा.

जेवण झालं की टीव्ही. हा टीव्ही आमच्या आधीच्या भाडेकरूंनी सोडून दिलेला, पोटातच डिस्क घालायची खाच असलेला. त्या खाचेत एक डिस्क अडकली होती. ती बाहेर येत नव्हती, दुसरी आत जात नव्हती. डिश नव्हती. म्हणजे टीव्ही लावला की एकच सिनेमा लागायचा, आणि तोही पहिली दहा मिनिटं गाळून. त्यामुळे सिनेमाचं नाव आम्हाला कधी कळलंच नाही. शेवटही कळला नाही, कारण एका ठरावीक जागी चित्र थांबायचं ते थांबायचंच.

सिनेमा इंग्रजी, फार जुना. रंग असे की सगळ्यांचे गाल टोमॅटो. त्यात एक फौजी होता, आणि तो गायचा. कधी आणि कुठे गायचं याला काही धरबंधच नाही हो! पहाऱ्यावर उभा असताना गायचा, बटाटे सोलताना गायचा, सुभेदार ओरडत असताना त्याच्याच ओरडण्याच्या ठेक्यावर गायचा. मग बराकीतले सगळे झाडू घेऊन नाचायचे. सुभेदाराच्या मिशा थरथरायच्या, फौजीला शिक्षा व्हायची, आणि कोठडीत गेल्यावर तो आणखी मोठ्याने गायचा. आम्ही त्याचं नाव बाबल्या ठेवलं होतं. सुभेदाराचं नाव आमच्या फोरमनचं. ते इथे सांगत नाही, मला अजून इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवा करून घ्यायचा आहे.

भाषांतर माझ्याकडे. खोलीत मला मास्तर म्हणत. मी डी.एड. केलेला, नोकरी लागली नाही म्हणून वायरिंग शिकून इथे आलेला. शिकलेला म्हणजे याला इंग्रजी येणारच, असा सगळ्यांचा समज. तो मोडायचं मला धाडस झालं नाही. त्या लोकांचं बोलणं चार आण्यांचं कळायचं आणि बारा आण्यांचं मी ठोकून द्यायचो. बाबल्या त्या पोरीला काय म्हणाला? तर म्हणाला, तुझ्या हातचं तिखलं खाल्ल्याशिवाय मी सरहद्दीवर जायचा नाही. सगळे खूश. एवढं काम मी चोख करत होतो.

फक्त एक माणूस खूश नसायचा. बापू.

बापू आमच्यात सर्वांत थोरले, शटरिंगचे सुतार, कुडाळजवळच्या एका गावचे. खोलीतला कुणी मेडिकलला निघाला, कुणाच्या घरी बाळंतपण जवळ आलं, की बापू गाराणं घालायचे. आमच्याकडे गावच्या देवापुढे गाऱ्हाणं घालतात ना, एकजण मोठ्या आवाजात देवाला सगळं सांगतो आणि बाकीचे “व्हय म्हाराजा” म्हणतात, तसंच. नारळ नसला तर पाण्याचा तांब्या पुढे ठेवायचे. बसचा ड्रायव्हर शौकतभाई, रत्नागिरीच्या बाजूचा, आमच्यातच राहायचा. तो पाठीमागे बसून शेवटी “आमीन” म्हणायचा. बापूंना तेही चालायचं. म्हणायचे, “ऱ्हवां दी. दोन देवांच्या कानार गेला तर काय वायट?”

तर सिनेमा लागला की बापू भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, “सगळा खोटा. फौजेत कोण गाता? फौजेत गेलो काय गळो मेलो.”

सुरुवातीला आम्ही हसायचो. मग हळूहळू कळलं.

बापूंचा मुलगा विनय भजनी बुवा. वयाच्या सतराव्या वर्षी समोरच्या बुवाला घाम फोडणारा, असं दत्ता शपथेवर सांगायचा. दत्ताने त्याची एक डबलबारी ऐकली होती. दोन बुवा समोरासमोर, अख्खी रात्र सवाल-जवाब, आणि पहाटे लोक विनयच्या बाजूला येऊन बसलेले. बापूंनी त्याच्यासाठी पहिल्या कमाईतून बाजाची पेटी घेतली होती. बेत असा होता, की पोराने सुतारकामाचा कोर्स संपवावा, बापूंच्याच कंपनीत यावं, बापलेकांनी दोन-चार वर्षं एकत्र काढावीत आणि मग गावी परत जाऊन पोराने खुशाल गावं. कंपनीची कागदपत्रं करणाऱ्या मंदूबाशी बोलून झालं होतं. सगळ्या मंगफला सांगून झालं होतं. आणि पोरगा बापाला न विचारता, न सांगता, भरतीला जाऊन उभा राहिला आणि निवडला गेला.

बापू रजेवर गेले होते तेव्हाच हे फुटलं. बापू ओरडले नाहीत. त्यांनी बाजाची पेटी ट्रंकेत ठेवली, ट्रंकेला कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकून कुवेतला परत आले. “फौजेत जातंस तर पेटी कित्याक व्हयी?” एवढंच म्हणाले म्हणे. ती चावी त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती, खोलीच्या चावीशेजारी. रोज आमचं दार उघडताना ती दिसायची.

विनय ट्रेनिंगला होता. तिथे आठवड्यातून एकदाच, रविवारी, थोडा वेळ फोन हातात मिळायचा. इकडे रविवार म्हणजे कामाचा दिवस, पण दुपारबंदीमुळे आम्ही त्या वेळी खोलीत. साडेबाराला, म्हणजे तिकडच्या तीनला, बापूंचा फोन वाजायचा. बापू तो उचलून बघायचे आणि उपडा ठेवायचे. फोन वाजून वाजून थांबायचा. पुन्हा एकदा वाजायचा. मग नाही. पोरगा दोनदाच लावायचा. बहुतेक त्याच्यामागे रांग असणार. टीव्हीवर बाबल्या गात असायचा आणि आम्ही सगळे त्याच्याकडे फार लक्ष देऊन बघत असल्यासारखं दाखवायचो.

पहिल्यांदा शौकतभाई बोलला. “बापू, उचला एकदा. शिव्या द्या हवं तर, पण उचला.”

“तू बस चालव,” बापू म्हणाले.

आता विचार करतो, तेव्हा वाटतं आम्ही भित्रे होतो. सहा माणसांच्या खोलीत प्रत्येकाला प्रत्येकाच्या घरचं सगळं ठाऊक असतं. कुणाची बायको रुसली, कुणाच्या भावाने बांध सरकवला, सगळं. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंड घालणं वेगळं. तोंड घातलं आणि वाकडं आलं तर त्याच खोलीत वर्ष काढायचं असतं. म्हणून मी तोंड घातलं नाही. मी फक्त खोटं बोललो.

सिनेमा जिथे थांबायचा ती जागा अशी. रेल्वेचा फलाट. फौजी लढाईवर निघाले आहेत. बाबल्या खिडकीत. गर्दीतून एक म्हातारा वाट काढत येतो, डोक्याला टोपी, टोपीवर काहीतरी पितळेचं चमकतंय. तो बाबल्याच्या हातात एक पुडकं देतो. बाबल्या ते फोडतो, आत तोंडाने वाजवायचा बाजा. तो म्हाताऱ्याकडे बघतो, गाण्यासाठी तोंड उघडतो, आणि खल्लास. चित्र थांबलं. रोज तिथेच.

जुलैतली दुपार असावी. दत्ताने विचारलं, “मास्तर, ह्यो म्हातारो कोण?”

मला काय माहीत कोण! त्यांच्यात दोन वाक्यं झाली होती, त्यातलं मला एकही कळलं नव्हतं. मी बापूंच्या पाठीकडे बघितलं आणि म्हणालो, “त्याचा बापूस. पोरगा न सांगता भरती झाला म्हणून बोलत नव्हता. शेवटी आलाय पोचवायला.”

भिंतीकडचं तोंड वळलं. “बापूस इलो?”

“आला तर. बाजा घेऊन आला.”

बापू उठून बसले. थांबलेल्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “सगळा खोटा,” आणि पुन्हा आडवे झाले. पण दुसऱ्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून झोपेनात. सिनेमा पाहायचे. म्हातारा आला की जरा पुढे सरकायचे.

तरी रविवारी फोन उपडाच. मला वाटलं, आपला बाण वाया गेला. माणसाचा राग म्हणजे काय बटण आहे बंद करायला?

आणि ऑगस्टात एका रविवारी फोन वाजलाच नाही. साडेबारा झाले, पाऊण झाला. बापूंनी फोन सरळ करून बघितला. एक वाजता परत बघितला. “रेंज नसतली,” म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारीही नाही. त्या दिवशी बापू जेवले नाहीत. पोटात गॅस झाला म्हणाले.

दोन दिवसांनी काकींचा, म्हणजे बापूंच्या बायकोचा, फोन आला. ट्रेनिंग संपलं होतं. विनय रजेवर घरी येऊन गणवेशात सगळ्यांना भेटला होता. आता कुठल्याशा थंड मुलखात, सरहद्दीवर नेमणूक झाली होती, आणि गुरुवारी रात्री कुडाळहून गाडी. बापूंनी विचारलं, “माका फोन कित्याक नाय केल्यान?” काकी म्हणाल्या ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं, कारण बापूंना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी मोठ्याने लावलेला असायचा. “तो म्हणता, बापूंका उगाच त्रास देऊचो नाय. तेंका नको आसा तर नको.”

गुरुवार आला. जेवण झालं, दत्ताने टीव्ही लावला. बाबल्याने बटाटे सोलले, झाडू नाचले, सुभेदाराच्या मिशा थरथरल्या. फलाट आला. म्हातारा आला. चित्र थांबलं.

खोलीतला ताण मला सहन होईना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “बापू, बाबल्याची गाडी काही सुटत नाही. एक गाराणं घाला बघू.”

थट्टाच होती ती. बापू एखादी शिवी हासडतील आणि हवा जरा हलकी होईल, असं मला वाटलं होतं. बापू उठले. तांब्या आणला, टीव्हीसमोर ठेवला आणि हात जोडून उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या परमुलखात तुझी लेकरा तुझ्यासमोर उभी हत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही हसतच म्हणालो.

“ह्यो जो पोरगो घरदार सोडून, बापाशीक न सांगता फौजेत गेलो हा...”

“व्हय म्हाराजा!”

“तेचो बापूस आडमुठो. तेना पोराची पेटी कुलपात घातल्यान म्हाराजा...”

सिनेमात कुणी पेटी कुलपात घातली नव्हती. “व्हय म्हाराजा” म्हणायचं आम्ही विसरलो. बापूंच्या ते लक्षातही आलं नाही. डोळे मिटलेले, आवाज चढलेला.

“तेचो राग पोराच्या वाटेक आडवो येव देव नको. थय थंडी आसा, तेचो गळो सांभाळ. खयव आसलो तरी सुखरूप ठेव, आणि सुखरूप परत हाड म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” शौकतभाई एकटाच म्हणाला, हळू. मग म्हणाला, “आमीन.”

बापूंनी डोळे उघडले. समोर बाबल्या तोंड उघडून बसलेला. आमच्याकडे बघितलं. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मला माझी स्वतःची लाज वाटली. माणसाच्या दुखऱ्या जागेवर आपण थट्टेने हात ठेवला होता.

“किती वाजले?” बापूंनी विचारलं.

“अडीच.”

तिकडे पाच. गाडीला वेळ होता. बापूंनी फोन घेतला आणि घरी लावला. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी पोरासाठी फोन लावला होता. काकींनी उचलला.

“ह्या वेळेक? बरे आसात मां?”

“बरो आसंय. ट्रंक उघड आणि पेटी भायर काढ.”

“चावी तुमच्याकडे आसा.”

बापूंनी खिशात हात घातला, जुडगा बाहेर काढला आणि त्याच्याकडे बघत राहिले. चावी मंगफमध्ये आणि कुलूप कुडाळला. दीड वर्ष हे गृहस्थ ती चावी घेऊन अर्दियाला पट्ट्या ठोकत होते.

“कुलूप फोड,” बापू म्हणाले.

“काय?”

“फोड म्हणतंय मां! कोयत्याच्या पाठीन मार, नायतर परड्यातलो दगडो घे. फोड!”

मग फोनमधून ठोकण्याचे आवाज येऊ लागले. ठण. ठण. आम्ही सहाजण गाद्यांवर बसून ते ऐकत होतो. मधेच एक तरणा आवाज आला, “आये, काय करतंस? दी हय.” पुन्हा दोन जोरकस ठोके, आणि काहीतरी खळकन पडलं.

“बापू?” तो आवाज आता अगदी फोनपाशी होता.

बापू फोनवर वाकले. मग म्हणाले, “गातंस काय रे थय?”

“गातंय. आयतवारी देवळात. सायबच सांगतत, गा म्हणान.”

“मगे हय गा. माका ऐकाक येव देत.”

पेटी दोन पावसाळे ट्रंकेत पडलेली. आधी नुसता खोकला निघाला. मग सूर लागले, त्यातला एक अडकून तसाच वाजत राहिला. विनयने तो कसाबसा दाबला आणि गजर धरला. काय आवाज होता हो! फोन भांड्यात ठेवावा तसा किणकिणत होता, तरी अंगावर काटा आला. दत्ताने मांडीवर ठेका धरला, शौकतभाई टाळ्या देऊ लागला. कुणीतरी टीव्ही बंद करायला उठलं, तर बापूंनी हातानेच बस म्हटलं. तेव्हा टीव्ही तसाच राहिला, बाबल्या तोंड उघडून आणि कोपऱ्यात तो म्हातारा.

साडेतीन वाजून गेले तरी बसचा ड्रायव्हरच खाली बसून टाळ्या देत असल्यामुळे त्या दिवशी आम्ही साइटवर उशिरा पोचलो. फोरमनने जे काही ऐकवलं त्याला भाषांतराची गरज नव्हती. पण त्याच्या आधी, जाताना बसमध्ये, बापू माझ्या शेजारी येऊन बसले. बाहेर रस्ता उन्हाने पांढरा झाला होता. त्यांनी जुडग्यातून ती चावी सोडवली, जरा वेळ हातात धरली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

“मास्तर,” ते म्हणाले, “तो फलाटावरचो म्हातारो बापूस नव्हतो.”

माझी कानशिलं गरम झाली.

“तेच्या टोपयेर बिल्लो होतो. हमाल तो. कोणीतरी दिलेला पुडक्या पोचवक इल्लो.”

“तुम्हाला कधीपासून माहीत?”

“पयल्या दिवसापासून.”

“मग बोलला का नाहीत, बापू?”

सिग्नल सुटला, बस वळली.

“बापूस आसतो तर बरा झाला आसता,” बापू म्हणाले.